उत्तरपूजा राहिलेले यंत्र

श्रमाला प्रतिष्ठा द्यावी, याविषयी आपल्या सुशिक्षित समाजात आता मतभेद उरलेला नाही. असलाच तर तो एवढाच, की ती प्रतिष्ठा देताना श्रम प्रत्यक्ष घडू द्यावेत की नाही. जे पूज्य मानले त्याला हात लावू न देणे, हा आपला जुना आणि निर्व्याज दोष आहे.

डोंबिवलीच्या श्रमगौरव मंडळाने गेल्या आश्विनात कोपर स्थानकाजवळ एक कौशल्यकेंद्र उघडले. मंडळाचे सर्व सभासद सेवानिवृत्त अधिकारी. स्वतःच्या मुलांना त्यांनी संगणकापुढे बसवले होते. त्यामुळे इतरांच्या मुलांनी हातांनी काम करावे, ही त्यांची तळमळ सर्वस्वी निःस्वार्थ होती. वेल्डिंगचे नवेकोरे यंत्र आले. खंडेनवमीला कार्यवाह प्रभाकरपंतांनी त्याची यथासांग पूजा केली, हार घातला. वरचे प्लास्टिकचे आवरण मात्र काढले नाही. नवी वस्तू लगेच उघडी करू नये, असा त्यांच्या घराचा शिरस्ता होता. सोफ्यावरचे आवरणही अकरा वर्षे तसेच होते.

उद्घाटनासाठी मोठे पाहुणे यायचे होते. ते येईपर्यंत यंत्र पूजेतच राहावे असे ठरले. पाहुणे आले नाहीत. नऊ महिने लोटले. एवढ्या अवधीत मनुष्यदेह घडून जगात येतो. केंद्रात मात्र केवळ टिपणवह्या भरल्या. शिक्षिका विनिता फळ्यावर ठिणग्या काढून दाखवी आणि मुले त्या रंगीत खडूने उतरवून घेत.

कोपरगावच्या कल्पिताला लेखी परीक्षेत ब्याण्णव गुण मिळाले. शहाडजवळच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारांच्या दोन जागा होत्या आणि शुक्रवारी प्रत्यक्ष चाचणी होती. तिचे वडील राघो यांनी शेत विकून जागांच्या दलालीचे कार्यालय थाटले होते. त्यांची अट साधी होती: शुक्रवारी निवड झाली नाही, तर सोमवारपासून गिऱ्हाइकांना चहा द्यायला तिने त्या कार्यालयात बसायचे.

रविवारी ती प्रभाकरपंतांकडे गेली.

"सर, एक रॉड तरी जाळू द्या ना. मी अजून मशीन चालू झालेलं पण बघितलेलं नाही."

"अगं, मशीन पूजेत आहे."

"नऊ महिने?"

"पाहुण्यांनी कळवलंय, लवकरच येतो म्हणून. तुला गुण किती?"

"ब्याण्णव."

"मग चिंता कसली? पाया पक्का आहे तुझा."

सोमवारी सकाळी कल्पिता केंद्रात आली ती आजी तुळसाबाईंना घेऊनच. तुळसाबाईंचे तारुण्य मिठागरात गेले होते. पदराच्या गाठीत अक्षता होत्या.

"कोनी पूजली ही मशीन?" त्यांनी विचारले.

"मीच, आजी. अगदी यथासांग," प्रभाकरपंत म्हणाले.

"नि उठवली कवा?"

पंतांनी यंत्रावरचा वाळलेला हार सरळ केला.

"आमी दसऱ्याला मिठागरान फावडी पूजायचो. दुसरे दिशी अक्षता टाकून उठवायचो नि कामाला लावायचो. बसवून बसवून देव पन कंटालतो."

"आजी, पाहुणे यायचेत हो अजून."

"पाव्हन्यांसाठी सत्यनारायन नऊ महिने मांडून ठेवशील काय रं, मास्तर?"

प्रभाकरपंतांचा चेहरा उतरला. उत्तरपूजेला दोन तास उशीर झाला म्हणून त्यांनी मागच्याच भाद्रपदात शेजाऱ्यांना तिथीसह सुनावले होते. आपल्याच हातून, आणि तेही नऊ महिने, असा लोप व्हावा हे त्यांना सोसवेना. मुलांचे वर्ष बुडत असल्याचे त्यांना कुणी सांगून पाहिले नव्हते असे नाही. परंतु विधी राहिला, हे ऐकून त्यांनी तत्काळ पायांतली पादत्राणे काढली. त्यांनी तुळसाबाईंकडून अक्षता घेतल्या, निरोपाचा मंत्र शुद्ध स्वरात म्हटला आणि यंत्र चार बोटे उत्तरेकडे सरकवले. विनिताने प्लास्टिक टराटरा फाडले. पंतांनी त्याचे तुकडे गोळा करून नीट घडी घातली.

पहिले सहा रॉड पत्र्याला चिकटून बसले. सातव्याने ठिणगी धरली. चार दिवस कल्पिता सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तोंडावर काचेचा मुखवटा धरून लोखंडाच्या पट्ट्या जोडत होती.

शुक्रवारी चाचणीत केंद्रातल्याच शहाण्णव गुणांच्या सलिलने वेल्डिंगची व्याख्या दोन भाषांत सांगितली. रॉडचे कोणते टोक कशात धरावे, ते मात्र त्याच्या वहीत नव्हते. यंत्र उठल्यावरही तो त्याच्याकडे फिरकला नव्हता. पाया पक्का होता ना. कल्पिताचा सांधा गोगलगायीच्या वाटेसारखा वाकडा आला. फोरमनने वरचा मळ झाडला आणि हातोडीचे तीन घाव घातले. सांधा सुटला नाही.

"किती दिवस शिकलीस?"

"चार."

"केंद्राच्या कागदावर तर नऊ महिने लिहिलंय."

"ते पूजेत गेले," ती म्हणाली.

फोरमनने तिचे नाव लिहून घेतले.

मंडळाच्या अहवालात हे यश मार्गदर्शक मंडळींच्या नावावर जमा झाले. पंतांनी मात्र भिंतीवर स्वहस्ते एक सूचना लावली: 'खंडेनवमीची पूजा दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता उठवली जाईल.' खाली मुहूर्त दिला होता, पाहुण्यांचा उल्लेख नव्हता.

कल्पिताच्या हाताला स्थैर्य लाभो. तुळसाबाईंच्या गाठीतल्या अक्षता कधी न सरोत. सलिलच्या तळहातावर एखादा घट्टा उमटो. आणि प्रभाकरपंतांना, ज्यांनी चूक उमगताच यंत्र आपल्या हाताने सरकवले, त्यांच्या सोफ्याचा मूळ रंग एकदा तरी दिसो.