गारेगार जेल आणि अडेलतट्टू घोटा

मित्रांनो, मी सोनोग्राफी मशीनचा एक जुना प्रोब आहे. अंगाने साबणाच्या वडीएवढा, वायरीचं शेपूट मात्र चांगलं लांबलचक! कातडीवर बुळबुळीत जेल लावून मला टेकवलं की मी आत आवाज सोडतो. तो तुम्हाला ऐकू येत नाही, पण त्याच्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर आतलं चित्र उमटतं. नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! मग शेजारच्या खोलीत एमआरआयचं धूड आलं आणि माझा भाव उतरला. तरी पाय हलवताना आत काय होतं ते पाहायचं असलं, की डॉक्टरबाईंना मीच आठवतो.

एकदा व्हॉलीबॉल खेळणारी एक मुलगी लंगडत आली. उडीवरून उतरताना तिचा घोटा मुरगळला होता. सोबत तिला खेळ शिकवणारे तिचे काका होते.

"एक्स-रेत हाड शाबूत आहे. रविवारी सामना आहे, खेळू दे ना हिला!" काका म्हणाले.

"हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही हो," बाई म्हणाल्या. "ते तुटलेलं असताना खेळली, तर घोटा कायमचा अधू व्हायचा."

मुलीला तर खेळायचंच होतं. तिने पाय असा ताठ धरला, की लिगामेंट तपासायला बाईंनी टाच पुढे ओढली तरी घोटा जागचा हलेना. स्नायू आवळले की तुटलेलं लिगामेंटही शहाण्यासारखं वागतं. मला नुसती सूज दिसत होती. मी अगदी रडकुंडीला आलो.

तेवढ्यात जेल संपलं. नवी बाटली कोमट पाण्यात ठेवायची बाईंची पद्धत, पण त्या दिवशी त्या साफ विसरल्या. गारेगार गोळा घोट्यावर पडला. "आई गं!" मुलगी किंचाळली आणि खो-खो हसत सुटली. हसता हसता पाय सैल पडला. बाईंनी चटकन टाच ओढली, आणि पडद्यावर तुटलेल्या लिगामेंटची दोन टोकं लांब सरकली.

मुलीचे डोळे भरून आले. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "खड्ड्यात गेला रविवार. आधी तुझा पाय."

पट्टा, आराम, व्यायाम सगळं झालं. परवा ती पुन्हा आली. बाईंनी टाच ओढली. लिगामेंट ताणलं, पण सुटलं नाही.

"जा, खेळ आता!" बाई म्हणाल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, दुखणं लपवू नका. आणि आमच्यासारख्या जुन्यांचं शेपूट ट्रॉलीच्या चाकाखाली आणू नका, अंगावर जेल वाळू देऊ नका. ती मुलगी बघा. निघताना तिने मला हातात घेतलं.

"हाच ना तो चुगलखोर?" ती म्हणाली, आणि मऊ कापडाने पुसून तिने मला अलगद जागेवर ठेवलं.