श्रद्धांजलीची घाई

"जहाजावरच्या बाकीच्यांच्या बायकांचे नंबर घेऊन ठेव गं. काही झालं तर एजंट फोन उचलत नाही," असं सासूने, एडनाने, सांगितलं होतं. तिनेही खलाशाशीच संसार केलेला. मी बाळाला पेज भरवत होते. म्हटलं, मम्मी, आता व्हॉट्सॲप आहे.

गेल्या आठवड्यात पाणबुडीने माझ्या नवऱ्याचं, मेलरॉयचं, मालवाहू जहाज बुडवलं. गहू नेत होते बिचारे, दुसऱ्यांच्या युद्धातून. टीव्हीवरची बाई स्टुडिओत ग्राफिकची पाणबुडी तरंगवून तिच्याखाली केस सावरत उभी होती.

दोन दिवसांनी जहाजावर माणसं भरणारा अंधेरीचा एजंट नंदकिशोर फोनवर उगवला. "मॅडम, मिस्टर सेफ आहेत."

"आणि व्हर्नन? त्याच जहाजावरचा, इंजिन रूममधला ऑइलर?"

"ऑफिसर लोकांचं आधी कळवतो. खालच्या स्टाफचं बघू."

"टॉर्पेडोने हुद्दा विचारला होता का?"

त्याचं नेटवर्क लगेच गेलं.

संध्याकाळी मेलरॉयचा फोन आला. आवाज घोगरा झालेला. "व्हर्ननला मी दुसऱ्या तराफ्यावर चढताना बघितलं. तो तराफा वाहत गेला, अजून शोधतायत. फ्रेडाला सांग, ती एकटी आहे."

फ्रेडाचा, व्हर्ननच्या बायकोचा, नंबर माझ्याकडे नव्हताच. सकाळी बाळाला कडेवर घेऊन त्यांचं घर असलेलं खारदांडा गाठलं. गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स: भावपूर्ण श्रद्धांजली. भावी नगरसेवकाचं तोंड परातीएवढं, हात जोडून हसतंय. व्हर्नन खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढा.

दोरी ताणणाऱ्या कार्यकर्त्याला विचारलं, "तो बेपत्ता आहे. मेला असं कोणी सांगितलं?"

"एजंटने फोटो पाठवला ना, वहिनी. आपण थांबलो असतो तर समोरच्या पार्टीने आधी लावला असता."

"आणि सापडला तर?"

"मग स्वागताचा लावू. त्यात काय."

फ्रेडाच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मासळी घेऊन येताना तिने फ्लेक्स वाचला, टोपली तिथेच ठेवली, पिशवी भरली आणि निघून गेली. कुठे, ते बोलली नाही. तिला सातवा महिना आहे. शेजारणीकडून नंबर मिळाला, पण फोन बंद.

तुमच्या इमारतीत, चाळीत, गावठाणात कुणाकडे अशी ठेंगणी, पोटुशी बाई अचानक येऊन दार लावून बसली असेल, तर जाऊन बघा. सांगा, फ्लेक्सवाले तिथे नव्हते, मेलरॉय होता, आणि त्याने व्हर्ननला तराफ्यावर चढताना पाहिलंय. ती दार उघडेपर्यंत वाजवत राहा.