चौसष्ट पानांची पंगत

आमच्या बाहेरच्या खोलीत कुणी जुनी आठवण सांगितली की खोली एका पानाने लांब होते. एक पान म्हणजे केळीचं पान मांडून माणूस ऐसपैस मांडी घालून बसेल एवढी जागा. मिरजेत हा ब्लॉक घेतला तेव्हा कागदावर ती दहा बाय बारा होती. भिंतीपलीकडे पेडणेकरांचं स्वयंपाकघर आहे. त्यांचं काही कमी होत नाही. त्यांनी टेप लावून खात्री करून घेतली आहे.

म्हणूनच ऋजुताच्या घरच्या केळवणाला मी हॉल घेतला नाही. "आई, घरीच करू या," लेक म्हणाली होती. "हॉलमध्ये जेवले तर आधीच निघून गेल्यासारखं वाटेल."

चोवीस पानं ठरली होती, तेवढी खोली होती. सकाळी माझी धाकटी नणंद आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "वहिनी, रागावू नका हं. मी आमच्या सासरच्यांनाही या म्हटलंय."

"किती जण, वन्सं?"

"चाळीसच. लहान मुलं नाही धरली."

मग आठवणी काढायला बसलो. मी पोळ्या लाटत होते, हे नारळ खवत होते. ऋजुता शिवणयंत्र सोडून दारापर्यंत पहिल्यांदा चालली आणि टाळ्याही तिनेच वाजवल्या, ते मी सांगितलं. तिचं डोकं खिडकीच्या गजांत अडकलं तेव्हा गजांना खोबरेल लावलं होतं, ते ह्यांनी सांगितलं. "गजांना काय, तिच्या कानांना लावलं होतं," मी म्हटलं. त्याची दोन पानं झाली. ऋजुता अंघोळ करून आली तोवर आम्ही तिची सहावी उरकली होती आणि भिंत बरीच लांब गेली होती.

एक मात्र चुकलं. ऋजुताचा पाट मी पहाटेच भिंतीला लावून मांडला होता आणि भोवती महिरप काढली होती. भिंत सरकली तसा पाटही तिच्याबरोबर गेला, रांगोळीसकट.

"अलीकडे घेऊ या का?" ह्यांनी विचारलं.

"दादा, रांगोळी घातलेला पाट हलवतात का कुठे?" वन्सं म्हणाल्या.

कुणी हलवला नाही. मीही नाही. ऋजुता जांभळी साडी सावरत चालत गेली आणि पार टोकाला जाऊन बसली.

साडेबाराला चौसष्ट पानं भरली. वरणभात वाढून झाला. आता फक्त तूप राहिलं. आमच्याकडे घरच्या केळवणाला तूप आईने वाढायचं, आणि ते शेवटच्या पानावर पडेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. मी तुपाचं भांडं घेऊन दाराकडून सुरुवात केली.

भुकेली माणसं. हात मांडीवर, करायला काही नाही. ती बोलणार नाहीत तर काय.

"ही एवढीशी होती," दहाव्या पानावरची माझी मावशी म्हणाली, "इथेच माझ्या मांडीवर झोपायची."

भिंत गेली.

"मावशी, नंतर बोल गं," मी म्हटलं.

"दुपारी मुळीच झोपायची नाही ती," शेजारचे मामा म्हणाले. "मी घोडा व्हायचो."

भिंत गेली.

"अहो, गप्प बसा सगळे!" वन्सं ओरडल्या. आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. "पाढे म्हणायला बसवलं की हिला मी अशीच ओरडायचे."

मी भराभर वाढत गेले. चाळीस पानं झाली, पन्नास झाली, त्रेसष्ट झाली, आणि पुढे नुसतीच फरशी सुरू झाली, माणसांशिवायची. मागे सगळे ऋजुताबद्दलच बोलत होते, आता हसायलाही लागले होते. ओठ मिटून मी चालत राहिले. लांबून ती कॉलेजातली दिसत होती. मग दोन वेण्यांची. जांभळी साडी तिला आता मोठी होत होती.

"आई, सावकाश ये," ती म्हणाली. आवाज पोचायला वेळ लागला.

"आले गं. भात निवला का?"

तिने नाही म्हणून मान हलवली. बोटाने भातात तुपासाठी आळं केलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. तिचे पुढचे दोन दात पडले होते.