पालथे डबे

आमच्या हैबतीला लहानपणापासून एक खोड. काम सोपं करायला खोटं बोलायचं, आणि ते अंगावर आलं की तोंड शिवून बसायचं. चाळिशी आली, दोन लेकी उजवल्या, खोड गेली नाही. माझ्या पोटी हा असा कसा निपजला, देव जाणे.

त्या वर्षी चैत्रात मुंबईच्या कॉलेजातले एक सायब पोलादपुराहून आमच्या वाडीवर आले. वरच्या रानात त्यांनी पत्र्याचे डबे पालथे करून भुईत रोवले. आत एकेक काचेची वाटी, वाटीत कास्टिकचं पाणी.

"रान वाळलं, पानं गळली, की जमीन किती श्वास सोडते ते या पाण्यात धरून मोजतोय, आजी," मला म्हणाले.

"श्वास बघायचा तर सवच्या झऱ्यावर जा की. तितं पानी आपसूक उकळतं, डोळ्यांनी दिसतं."

सायब हसले. माणूस वाईट नव्हता. रोज वाट्या बदलायच्या, जुनं पाणी बाटलीत भरून बूच लावायचं, हे काम हैबतीला दिलं. "हे पाणी विषारी आहे, वाडीत सगळ्यांना सांग," असं माझ्यादेखत बजावून आठवड्यासाठी मुंबईला गेले.

हैबतीने सांगितलं, पण भलतंच. पोरं डबे उचलतील, बाया कपडे धुवायला कास्टिक पळवतील, मग राखण करत रानात बसावं लागेल. त्यापेक्षा त्याने माझ्या माघारी वाडीभर पसरवलं, "सायबाच्या डब्यांखाली कुनीतरी करनी पुरलीय. हात लावंल त्याचं घर बसंल."

भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस, तरी फांद्या आणायला कुणी वर जाईना. रान इतकं गप्प झालं की ऐनाचं पान पडलं तरी ऐकू यायचं. एकटी रखमा तेवढी जायची. नवरा गिरणीत मेला, मूलबाळ नाही, उंबराखाली खोपट. लाकूडफाटा विकला तरच तिची चूल पेटायची. करणीला भिऊन तिला कसं परवडणार?

मग रानडुकराने एक डबा उलथला. येसाजीची शेळी तहानेने वाटीला तोंड लावून बसली. जीभ सोलून निघाली, तोंडाला फेस आला, दुपारी पाय ताणून पडली.

येसाजी आमच्या अंगणात आला. मागे आठ-दहा बाप्ये, हातात काठ्या.

"हैबती, करनी हाय म्हनून तूच बोलला व्हतास. कुनाची?"

"मला काय म्हाईत?"

"रानात रोज कोन जातं?"

माझ्या लेकाने मान तेवढी उंबराकडे वळवली.

"अरं मुडद्यांनो, ते सायबाचं कास्टिक व्हतं!" मी ओसरीवरून ओरडले. "थांबा, बाटली दावते."

"रंगूकाकी, तू लेकाला झाकनारच."

"मी? ह्याला?"

पण अंगण रिकामं झालं होतं. बाटली घेऊन, गुडघ्यांना शिव्या घालत मी उंबरापाशी पोचले, तोवर खोपटाची झडप मोडलेली. मडकी फुटलेली. चुलीवरचा भात अर्धा कच्चा. रखमा मार खाऊन पळालेली; ओढ्याच्या वाटेवर रक्ताचे थेंब, पुढे तेही नव्हते. बाप्ये एकमेकांकडे बघत उभे.

येसाजीच्या खांद्यावरची घोंगडी मी ओढली आणि तिच्यावर बाटली रिकामी केली. लोकर हळूहळू बुळबुळीत झाली. काठीने दाबली तशी शेंबडासारखी फाटली.

"ही तुमची करनी," मी म्हणाले. "आता शोधा तिला."

शोधली. ओढा बघितला, महाडचा रस्ता बघितला, दासगावला तिच्या बहिणीकडे माणूस धाडला. रखमा कुठेच नव्हती.

घरी आले तर हैबती चुलीपुढे बसला होता.

"आये, मी तिचं नाव न्हवतं घेतलं."

"नाय घेतलंस, बाबा. तेवडा हुशार हायस तू." मी त्याचं अंथरूण आणून दारात टाकलं. "ऊठ. आजपासनं तिच्या खोपटात ऱ्हायाचं. तिनं तोडली तशी लाकडं तोडायची, तिच्या चुलीवर रांधायचं. लोक इचारतील, हितं का? तर खरं सांगायचं, रोज सांगायचं. ती आली तर पाया पडून भायेर निघ. नाय आली तर तितंच मर. ह्या घरात तुजं पान मांडनार नाय मी."