मोरी म्हैस आणि माझी शिट्टी

मित्रांनो, मी टाकवे बुद्रुकच्या एका गोठ्यातला जुना इन्व्हर्टर आहे. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही.

बॅटरीतल्या सरळ विजेचे मी बारीक तुकडे करतो आणि त्यांची रुंदी कमी-जास्त करून घरातल्यासारखी लाटेची वीज घडवतो. ती लाट अगदी स्वच्छ नसते, तिच्यात थोडा मळ उरतो. मी तुकडे एकाच ठेक्यात पाडत असे. त्यामुळे मळही ठरावीक जागी साठे आणि पंख्याच्या मोटारीतून बारीक शिट्टी निघे. गोठ्याचे मालक कोंडाजीआबा आणि त्यांची बायको विठाबाई यांच्या थकलेल्या कानांना ती कळत नसे.

संध्याकाळी धारेच्या वेळीच वीज जाई, आणि मोरी म्हैस नेमकी तेव्हा पान्हा चोरू लागली. ती अंधाराला भिते असे ठरवून आबांनी मला आणखी एक दिवा आणि मोठा पंखा जोडला. विठाबाईंनी दृष्ट काढली. दूध आणखी कमी झाले. शेवटी मोरीला चाकणच्या बाजारात न्यायचे ठरले. पारडी असल्यापासून विठाबाईंनीच तिला वाढवले होते. त्या जेवायच्याही बंद झाल्या.

बाजार दोन दिवसांवर असताना नात अमृता आली. ती तळेगावला इन्व्हर्टर दुरुस्त करते. धारेच्या वेळी वीज गेली, तेव्हा तिला माझी शिट्टी ऐकू आली; तिने मोरीचे टवकारलेले कान पाहिले आणि मला बंद केले.

"अगं, काळोखात धार काडू व्हय?" विठाबाईंनी विचारले.

"काढ तर खरी, आजी."

थोड्या वेळाने बादलीत धारा वाजू लागल्या.

"म्हस ऱ्हाऊ दे. हे डबडंच बाजारला न्यावं," आबा म्हणाले. मला ते पटले.

अमृताने मात्र मला उघडून माझ्या चिपमधला प्रोग्रॅम बदलला. आता मी तुकडे कधी जरा आधी, कधी जरा उशिरा पाडतो, कसलाही नेम न ठेवता. मळ नाहीसा झालेला नाही, हे खरे सांगायला हवे. तो पसरला आहे, म्हणून कोणत्याही एका सुराला जोर चढत नाही. शिट्टीच्या जागी मंद सळसळ उरली आहे.

दुसऱ्या संध्याकाळी वीज गेली आणि मी सुरू झालो. मोरीने एकदा कान हलवले आणि ती पुन्हा रवंथ करू लागली.

"बाजारला कुनी जायचं न्हाई," एवढे बोलून विठाबाईंनी कासेला हात लावला.

मित्रांनो, मुके जनावर अडून बसले, तर त्याला दोष देण्याआधी आजूबाजूचे एकेक यंत्र बंद करून पाहा. आणि आम्हा यंत्रांनाही वर्षातून एकदा कोणाला तरी दाखवा. आमची चूक आम्हाला ऐकू येत नाही.