सलून अगदी समोर होतं

आमचा रस्ता पूर्वी इतका अरुंद होता की आजोबा समोरच्या सलूनमध्ये दाढी करता करता उठायचे, घरी येऊन गॅसवरचं दूध उतरवायचे आणि अर्ध्या गालावरचा फेस तसाच घेऊन परत खुर्चीत जाऊन बसायचे. खोटं वाटेल, पण मी स्वतः पाहिलंय. माझी बालवाडीची रिक्षा दारात उभी राहिली की बाटलीला बूच बसावं तसा सगळा रस्ता बंद व्हायचा आणि मागचा सायकलवाला घंटी न वाजवता सरळ ओट्यावर बसून आईशी गप्पा मारायचा. समोरच्या शिंपीणबाई ब्लाऊजची बाही घट्ट झाली का, हे त्यांच्या मशीनवरूनच विचारायच्या आणि आई स्वयंपाकघरातून "काखेत!" म्हणून ओरडायची. सगळ्या गल्लीला आमच्या काखा माहीत.

मी पाचवीत असताना रस्ता रुंद झाला. शिंपीणबाई लांब राहायला गेल्या, आमचा ओटा गेला. सलून थोडं मागे सरकून वाचलं. मधे एवढं डांबर पसरलं की पहिल्या दिवशी आम्ही पोरं नुसती पळत सुटलो होतो. दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या.

सलूनवाले काका आणि आजोबा यांची दोस्ती आमच्या बाबांपेक्षा वयानं मोठी. आजोबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, म्हणून काका त्यांना 'खिळेमास्तर' म्हणतात आणि आजोबा काकांना 'वस्तरा'. रस्ता रुंद झाल्यावर दोघांनी खुणा ठरवल्या. दुकानात गिऱ्हाईक नसलं की काका दारावर टॉवेल टाकायचे. मग आजोबा पेपर घडी करून निघायचे आणि गाड्यांना हात दाखवत, पुटपुटत, पलीकडे जायचे. काकांचं कंबरेचं हाड मोडून बसलेलं, ते काठीशिवाय दोन पावलं चालत नाहीत. त्यामुळे जायचं ते आजोबांनीच.

या उन्हाळ्यात एका स्कूटरनं आजोबांना घासलं. कोपर सोललं, चष्मा गेला, बाकी वाचले. बाबांनी त्या संध्याकाळी फर्मान काढलं.

"अण्णा, फुटपाथवरून खाली पाय ठेवायचा नाही. केस कापायला मी माणूस घरी बोलावतो."

"बोलाव. त्याचे कापून पाठवतो."

आजोबांनी खरंच कुणाला डोक्याला हात लावू दिला नाही. केस कानांवर आले, मग कॉलरवर. आत्या भेटायला आली तेव्हा दारातच थबकली. "अगंबाई! दादा, अण्णांच्या डोक्यात आता चिमण्या घरटं करतील."

"करू देत," आजोबा म्हणाले. "त्या तरी उडून पलीकडे जातील."

सगळे हसले. आजोबा खिडकीकडे तोंड करून बसले. पलीकडे दारावर टॉवेल होता, आणि तो संध्याकाळपर्यंत तसाच होता.

म्हणून वॉर्ड ऑफिसनं वाचनालयात सभा बोलावली तेव्हा मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. इंजिनियर मॅडमनी भिंतीवर नकाशा लावला. रस्त्यावर पांढरे पट्टे, गाड्यांचा वेग कमी करायला उंचवटा आणि मधोमध थांबायला छोटा ओटा. आधी आठवडाभर रंग आणि ड्रम लावून बघायचं, जमलं तर पक्कं बांधायचं.

"कुठे हवं?" त्यांनी विचारलं.

मी उभी राहिले. गेल्या वर्षी मी अशा सभेत उभी राहिले असते तर फक्त पंखा लावायला. "सलूनसमोर!" मी एवढ्या जोरात म्हणाले की मागचे आजोबा लोक जागे झाले. आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाला तिथला नळ आठवला, कुणाला शिंपीणबाई, कुणाला आपली लगोरी. सगळी गल्ली तिथूनच तर ओलांडायची!

"तिथून वळण फार जवळ आहे," मॅडम म्हणाल्या. "पण इथे राहता तुम्ही. पुढच्या सभेत पक्कं करू."

मी घरी येऊन आजोबांना मिठीच मारली. "आता नाकासमोर चालायचं!"

दोन दिवसांनी शाळेतून येताना मला बसमध्ये अगदी पुढची, काचेजवळची सीट मिळाली. औषधांच्या दुकानापाशी बस वळली आणि मी आमचं घर शोधेपर्यंत घर मागे गेलं. सलून? ते तर दिसलंच नाही. विजेच्या मोठ्या पेटीमागून एकदम एक बाई उगवली, ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक दाबला आणि माझं दप्तर पुढे गेलं.

"इथं असंच," ते घाम पुसत म्हणाले. "वळलं की माणूस थेट काचेवर. पुढे टपालपेटीपाशी बघ, किती लांबचं दिसतं."

मी बघितलं. दिसत होतं. तिथे उभा असलेला माणूस आधीपासून दिसत होता, अगदी त्याच्या हातातल्या पिशवीसकट.

घरी जाऊन हे, आणि पट्टे टपालपेटीपाशीच हवेत हे सांगायला मला चहा होईपर्यंत धीर झाला नाही. सांगितल्यावर आजोबांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे डोळ्यासमोरच्या दुकानात जायला मी आधी पाठ फिरवून उलटं चालू? मग पलीकडून तेवढंच परत?"

"हो."

"बापाचंच रक्त. तूही मला लांब पाठव."

मला रडू आलं, पण मी रडले नाही, मी बस आणली. म्हणजे वळणाअलीकडच्या बसथांब्यावर नेलं त्यांना, त्यांच्या झिपऱ्यांना माझा हेअरबँड लावून. ते पुढच्या सीटवर बसले. बस वळली. आजोबा काचेला नाक लावून बघत होते आणि बघता बघता आमची खिडकी गेली, सलून गेलं, टॉवेलही गेला असणार.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

पुढच्या थांब्यावर उतरल्यावर त्यांनी एकदा मागे वळून बघितलं. मग म्हणाले, "मी रोज खिडकीतून बघतो ना, तर मला अजून ती गल्लीच दिसते गं. मधला रस्ता मी कधी धरलाच नव्हता." हेअरबँड नीट केला. "ती गल्ली गेली. चल, घरी जाऊ."

पुढच्या सभेत "टपालपेटीपाशी" म्हणणारा पहिला हात त्यांचा होता. बाकीचे कुरकुरले. आजोबा म्हणाले, "ज्याला सलूनसमोर हवंय त्यानं माझ्या नातीबरोबर एकदा बसमध्ये बसावं. तिकीट मी काढतो." मॅडमनी हसून नकाशावर खूण केली.

पट्टे रंगवले त्या सकाळी बाबांनी रजा घेतली होती. "मी धरतो, अण्णा." आजोबांनी हात सोडवून घेतला. ते टपालपेटीपर्यंत चालत गेले, हळू, मधे एकदा भिंतीला टेकून. मी मागे. पट्ट्यांवर पाय ठेवला तर बस खरंच थांबली! आजोबांनी तिला वाकून नमस्कारच केला, आणि ड्रायव्हरनंही आतून हात जोडले.

ड्रम लावून आखलेल्या मधल्या ओट्यावर ते थांबले, आणि हलेचनात.

"आजोबा, चला ना, दुसरी बाजूही मोकळी आहे."

"थांब."

पलीकडून काठी टेकत, दुकान उघडं टाकून, सलूनवाले काका येत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गाड्या त्यांच्यासाठीही थांबल्या. ते ओट्यावर आले, आजोबांच्या केसांत बोटं घातली आणि म्हणाले, "खिळेमास्तर, हे कापायला कात्री नाही, विळा लागेल."

"तू चालत आलास रे?"

"मग? तू येईपर्यंत टकला झाला असतास."

आणि दोघं तिथेच बोलत उभे राहिले. दोन्हीकडून गाड्या जात होत्या, थांबत होत्या, पुन्हा जात होत्या. नळ कुठे होता यावर वाद झाला. आजोबा म्हणत डावीकडे, काका म्हणत उजवीकडे, आणि दोघं काठी-हातानं डांबराकडे दाखवत होते, जणू तो नळ खालून वर येणार होता. बाबा फुटपाथवरून घड्याळ दाखवत होते. मी ओरडले, "अहो, हा ओटा थांबायला आहे, राहायला नाही!"

"ओटाच तर आहे हा," काका म्हणाले, आणि सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली.