पहिले पाणी काकडीला

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. माझी मूठ तडकली आहे आणि ती तांब्याच्या तारेने आवळून बांधली आहे. पाते झिजून निम्मे झाले आहे. पण म्हणून मला गरीब बिचारे समजू नका. मी स्वभावाने तापट आणि तोंडाने फटकळ आहे. तुमच्या शाळेत जेवढी मुले नसतील तेवढे जीव मी घेतले आहेत. माझ्या जातीची इतर मंडळी आपल्या सेवेचे गोडवे गातात. मला मात्र माझ्या एका वाराची गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्मच मुळी मार खाऊन झाला. मोडक्या ट्रकच्या कमानीची एक पट्टी लोहाराने भट्टीत लाल केली आणि ऐरणीवर ठेवून तिच्यावर घण घातले. त्याची बायको भाता ओढत होती. "अजून हाणा, अजून ऐकत नाही ते," असे ती प्रत्येक घावाला म्हणायची. मला वाकवले, चेपले, कानशीने घासले आणि लालबुंद असतानाच पाण्यात बुडवले. तेव्हा मी असा काही किंचाळलो की शेजारचे कुत्रे पळाले. त्या दिवसापासून मला कोणाची दया म्हणून येत नाही.

मला विकत घेतले ते एका फिटरने. तो कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती करायचा. घर लहान, दोन खोल्यांचे, पण मागे अंगण होते. अंगणापलीकडे छातीएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे त्याचा जिवलग मित्र सलूनवाला राहायचा. फिटर जाडजूड आणि चटकन भडकणारा, तर सलूनवाला किडकिडीत आणि सदा हसणारा. दोघांचे पटायचे कसे, हे दोघांच्या बायकांना कधी कळले नाही. भिंतीवर कोपरे टेकून ते तासन् तास गप्पा मारायचे. कोणाच्या घरचे स्टूल कोणाच्या घरी आहे याचा पत्ता नसायचा.

अंगणाची जमीन दगडासारखी होती. फिटरने ती कुदळीने फोडली आणि मग मला आत घुसवले. काय ते दिवस होते! हराळीची मुळे मी कचाकच तोडली. लव्हाळ्याच्या गाठी उकरून उन्हात तडफडायला टाकल्या. वांग्याची पाने खाणाऱ्या अळ्या मी दगडावर चिरडल्या. एकदा एक उंदीर टोमॅटोच्या वाफ्यात बीळ करून बसला होता. फिटरने बिळाच्या तोंडाशी दबा धरला आणि तो बाहेर येताच मला असे हाणले की उंदराचे दोन तुकडे झाले. फिटरची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "शाब्बास! आता तेवढंच शौर्य दाखवून मोरीसुद्धा धुवा." त्या संध्याकाळी मला तेल लावून खिळ्याला टांगले. तेवढे कौतुक माझे पुन्हा कधी झाले नाही.

मग तो उन्हाळा आला. सकाळी नऊलाच पत्रे कडकडायचे. मिरचीची फुले उमलण्याआधी गळायची. फिटरला एक मुलगी होती. ती एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. त्या वर्षी तिने भिंतीलगतचा वाफा स्वतःसाठी मागून घेतला आणि त्यात काकडीचे बी लावले. रोप उगवले की ती रोज त्याची पाने मोजायची. बापाला त्या वाफ्याचे कौतुक लेकीइतकेच.

फिटर पहाटेच्या पाळीला जायचा आणि दुपारी अडीचला परतायचा. पाणी घालणे हे त्याचे काम. दुसऱ्या कोणाला तो नळीला हात लावू देत नसे. बायको म्हणायची, "अहो, सकाळी मी घालत जाईन. भर उन्हात कसलं पाणी घालता?" त्यावर त्याचे उत्तर ठरलेले. "तहान दुपारी लागते की पहाटे?" असे म्हणून तो घामेजल्या अंगानेच नळ सोडायचा. गच्चीवरच्या टाकीपासून निघालेली लांबलचक काळी नळी अंगणातल्या सिमेंटवर वेटोळे घालून पडलेली असायची. तिचे तोंड तो सगळ्यात आधी लाडक्या वाफ्यात, काकडीच्या बुंध्याशी ठेवायचा आणि हातपाय धुवायला आत जायचा. चहा घेऊन आला की नळी टोमॅटोत सरकवायची, मग मिरचीत, मग वांग्यात. मी खिळ्यावरून हे रोज पाहत होतो. मलाही त्यात काही वावगे दिसले नाही.

काकडीची रोपे मेली. बुंधा पिवळा पडून मऊ झाला आणि वेल आडवे झाले. भिंगरीने पुन्हा बी लावले. तीही रोपे वीतभर होऊन गेली. गंमत म्हणजे बाकीचे वाफे तग धरून होते. जायचा तो फक्त भिंतीकडचा वाफा. भिंगरी रडली नाही. ती वाफ्याजवळ गुडघ्यात डोके घालून बसली. मित्रांनो, ती रडली असती तर बरे झाले असते. तिला तसे बसलेले पाहून फिटरचे डोके फिरले.

सलूनवाला सलूनमधले टॉवेल घरी आणून भिंतीपलीकडे धुवायचा. एका दुपारी कामावरून येताच, नळ सोडण्याआधीच फिटरला वाफ्याच्या कडेला साबणाचा फेस दिसला. वाऱ्याने उडून आलेला चिमूटभर फेस. पण फिटरने मनात सगळा हिशेब जुळवला. भिंत याची, फेस याचा, मेलेला वाफा भिंतीशी. शिवाय सलूनवाल्याचा भोपळ्याचा वेल त्याच भिंतीवर चढून हिरवागार पसरला होता.

"काय ओततोस रे माझ्या वाफ्यात?" तो ओरडला.

"मी? तुला ऊन लागलंय. डोक्यावर पाणी मार."

"पोरीची रोपं मारलीस आणि वर हसतोस?"

सलूनवाला खरेच हसत होता. त्याला हे सगळे थट्टेतले वाटत होते. फिटरने मला खिळ्यावरून ओढले, भिंतीवर पोट टेकून पलीकडे वाकला आणि भोपळ्याचा मनगटाएवढा बुंधा एका घावात कापला. हिरवे पाणी भळाभळा वाहिले. मग त्याने वेलावरचे भोपळे फोडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. बिया उडून त्याच्या तोंडावर चिकटल्या.

आता सलूनवाल्याचेही हसू संपले. तो भिंत ओलांडून आला आणि त्याने फिटरची गचांडी धरली. दोघे टोमॅटोच्या वाफ्यात कोसळले. काठ्या मोडल्या, वेल तुटले, पिकली फळे पाठीखाली फुटली. किडकिडीत माणसाने फिटरचा ओठ फोडला. फिटरने त्याला उताणे पाडले, छातीवर गुडघा रोवला आणि मला वर उचलले. दारातून बायको किंचाळली, "अहो, सोडा त्याला!" सलूनवाल्याने उजवा हात आडवा धरला. मी खाली आलो.

अंगठ्याच्या मुळाशी मी हाडापर्यंत शिरलो. मुळांपेक्षा तो हात किती मऊ होता! मी खोटे बोलणार नाही. त्या एका क्षणी मला आनंद झाला होता. घाव नेमका बसला की मला होतो तसा. मग गरम रक्त माझ्या पात्यावरून मुठीत उतरले आणि सलूनवाला ओरडला, "अरे, अंगठा! माझं पोट या अंगठ्यावर आहे रे!" तेव्हा मला पहिल्यांदा माझी स्वतःचीच भीती वाटली.

दोघांच्या बायकांनी मिळून त्याला रिक्षात घातले आणि दवाखान्यात नेले. फिटर वाफ्यातच बसून राहिला. भिंगरीने मला उचलले. "हे धुवायला हवं," ती स्वतःशीच म्हणाली. तिने नळ सोडला आणि नळीचे तोंड माझ्यावर धरले. दुसऱ्याच क्षणी ती किंकाळी फोडून मागे उडाली. मी खाली आदळलो आणि माझी मूठ तडकली.

"बाबा, पाणी उकळतंय!"

फिटर उठला. त्याने वाहत्या नळीखाली हात धरला. दिवसभर उन्हात पडलेल्या काळ्या नळीतले ते पहिले पाणी होते. तेच तो रोज सगळ्यात आधी, सगळ्यात लाडक्या वाफ्याला पाजत होता. चहा पिऊन येईपर्यंत पाणी गार व्हायचे, म्हणून बाकीचे वाफे वाचायचे. त्याने हात मागे घेतला नाही. हात लालभडक झाला, तरी तो तसाच उभा राहिला. शेवटी भिंगरीनेच नळ बंद केला.

सलूनवाल्याने डॉक्टरांना सांगितले, पत्र्यावर हात पडला. फिटरवर कोणतीही तक्रार झाली नाही. नस शिवली, टाके निघाले, पण अंगठा मिटेना. अंगठा मिटत नसेल तर वस्तरा धरायचा कसा? फिटर मला भंगारात टाकायला निघाला होता. बायको म्हणाली, "खुरप्याला कसली शिक्षा करता? टाकायचंच तर आपले हात टाका." त्याने माझ्या मुठीला तार गुंडाळली.

भिंगरीने तिसऱ्यांदा बी लावले आणि पाणी ती सकाळी घालू लागली. वेल झरझर वाढला. पण फिटरच्या तोंडून पलीकडे एक शब्द जाईना. दीड महिना तो भिंतीकडे पाठ करून काम करत राहिला. शेवटी भिंगरीने पहिली काकडी तोडली आणि बापासमोर उभी राहिली. "काकांना तुम्ही सांगणार की मी सांगू?"

तेव्हा कुठे तो भिंतीपाशी गेला.

"पाणी गरम होतं," तो म्हणाला. "नळीतलं. मीच घालत होतो. तू काही टाकलं नव्हतंस."

सलूनवाला टॉवेल वाळत घालत होता, डाव्या हाताने. "कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तू दवाखान्यात होतास."

"म्हणजे दीड महिना झाला."

"हो."

भिंगरीने भिंतीवरून काकडी पुढे केली. "काका, पहिली आहे. तुमच्यासाठी."

सलूनवाल्याने सवयीने उजवा हात पुढे केला. बोटे मिटली, अंगठा मात्र ताठच राहिला. काकडी निसटली, भिंतीवर आपटली आणि पलीकडे पडून फुटली. भिंगरी भिंतीवर चढू लागली.

"राहू दे, बाळा," तो म्हणाला. "वेलावर अजून येतील." फिटरकडे त्याने पाहिले नाही. तो आत गेला आणि दार लागले.

मित्रांनो, शेवटी आम्ही वस्तूंनी आपली निगा राखायला सांगायचे असते. तेही सांगतो. काम झाले की माझी माती पुसा, तेलाचा हात फिरवा, मला उंच टांगा. पण माझ्या धारेवर विश्वास ठेवू नका. ती हराळी आणि हात यांत फरक करत नाही, आणि घाव बसला की तिला आनंदच होतो. कोणाच्या भिंतीकडे रागाने मला घेऊन धावण्याआधी आपल्याच नळीतले पहिले पाणी आपल्याच हातावर घेऊन पाहा.